पणजीतली निळी मॉरिस आणि तिची पुसलेली ओळख

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पणजीत सध्या चालू असलेल्या एका कलाप्रदर्शनाच्या आवारात मॉरिस मायनर या जुन्या मोटारीचे जे शिल्प मांडले आहे, त्यावरून गेले तीन आठवडे आपल्या वाचकांच्या पत्रांच्या सदरात बरीच गरमागरमी चालली आहे. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो : गाडी मागच्या चाकांपर्यंत चिऱ्यांच्या चौथऱ्यात पुरून आकाशाकडे तोंड करून उभी केलेली आहे, चाकांसकट तिला निळा रंग फासलेला आहे, बॉनेट उघडे आहे आणि रेडिएटर काढून त्या जागी माडाचे रोप लावलेले आहे. जुन्या गाड्यांच्या एका शौकिनाने याला सरळ ‘खून’ म्हटले. दुसऱ्याने कलाकारांना गाडीतले काही कळत नाही, असा निकाल देऊन टाकला. त्यावर एका कलाशिक्षकांनी असे उत्तर दिले की, जी गाडी फणसाखाली गंजून माती झाली असती, ती आता शेकडो लोक थांबून पाहतात, यात मोटारप्रेमींनी रडण्यासारखे काय आहे? मी स्वतः दोनदा जाऊन ते शिल्प पाहिले, दुसऱ्या खेपेस शिल्पकाराशी अर्धा-पाऊण तास बोललो, आणि आता मला दोन्ही पक्षांशी थोडे भांडायचे आहे.

आधी माझे हितसंबंध उघड करतो. माझ्याकडे 1958 सालची मॉरिस मायनर आहे. माझे वडील फोंड्याला डॉक्टर होते आणि ही गाडी त्यांनी मुक्तीपूर्व काळात, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज राजवट असताना, मुरगाव बंदरातून सोडवून आणली होती. त्या काळी भारतात परदेशी गाडी आणणे दुरापास्त होते. तिकडच्या लोकांना अॅम्बेसेडर आणि फियाट यांवर भागवावे लागे आणि हीच मायनर त्यांनी काही वर्षे ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने पाहिली होती. गोव्यात मात्र आयातीला तशी आडकाठी नसल्यामुळे इंग्लंड-जर्मनीच्या गाड्या थेट धक्क्यावर उतरत. पोर्तुगालने 1928 मध्ये रस्त्याची उजवी बाजू धरली तरी गोव्याने डावी सोडली नाही, त्यामुळे इंग्रजी बनावटीची, उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली गाडी इथे परकी वाटली नाही. रात्री-अपरात्री शिरोड्याहून किंवा सावईवेऱ्याहून बोलावणे आले की बाबा किल्ली फिरवत आणि गाडीतल्या विजेवरच्या पेट्रोल पंपाची टकटक सुरू होई. ती थांबली की गाडी निघाली, हे आम्हाला अंथरुणातूनच कळत असे. झुआरी नदीवरचा पूल 1983 मध्ये झाला. त्याआधी कुठ्ठाळीच्या फेरीबोटीत गाडी चढवताना बाबा आम्हा भावंडांना खाली उतरवत, आणि आम्ही फळीच्या कडेला उभे राहून एकाच गोष्टीची वाट पाहत असू : दोन दारांच्या मधल्या खांबातून बाहेर येणारा तो पिवळा दिव्याचा हात. 1961 पर्यंतच्या मायनरला आजच्यासारखे लुकलुकणारे इंडिकेटर नव्हते. वळायचे त्या बाजूचा हात खटकन वर उठे. आमच्या घरात त्याला ‘गाडीने कान वर केला’ असे म्हणत.

तेव्हा मी कोणत्या बाजूचा आहे ते स्पष्ट आहे. आणि म्हणूनच माझ्याच बाजूच्या मंडळींना दोन गोष्टी ऐकवण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

‘चांगली गाडी कापणे हे पाप आहे’ हे वाक्य तीन पत्रांत आले आहे. मॉरिस मायनरच्या बाबतीत तरी ते जपून वापरावे, कारण ही गाडी मुळात कापूनच जन्माला आली. अॅलेक इसिगोनिस या अभियंत्याने तिचा नमुना तयार केला, उत्पादनाची जुळवाजुळवही सुरू झाली, आणि मग गाडी अरुंद दिसते, हे त्याच्या डोळ्याला खटकू लागले. त्याने नमुना नाकापासून शेपटापर्यंत मधोमध उभा कापायला लावला, दोन्ही अर्धे हळूहळू एकमेकांपासून दूर सरकवले आणि जिथे रूप मनासारखे दिसले तिथे थांबायला सांगितले. चार इंच रुंदी वाढली. 1948 मध्ये लोकांसमोर आलेल्या गाडीच्या बॉनेटवर मधोमध जी सपाट पट्टी दिसते, ती त्या कापाची खूण. सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर तर आधीच तयार होऊन पडले होते, म्हणून तेही मधोमध कापून ठिगळ लावून रुंद करावे लागले. माझ्या गाडीच्या बॉनेटवरून फडके फिरवताना ती पट्टी रोज हाताला लागते.

गंमत अशी की, याच्या अगदी उलट काम गाब्रिएल ओरोस्को या मेक्सिकन शिल्पकाराने 1993 मध्ये पॅरिसला केले. त्याने सित्रोएन डीएस गाडी उभी कापली, मधला जवळजवळ एक तृतीयांश भाग काढून टाकला आणि उरलेल्या दोन बाजू जोडल्या. झाली एक बाणासारखी, रुंदीला एकच माणूस मावेल अशी गाडी. इंजिन नाही, त्यामुळे ती कुठेही जात नाही; पण डीएसचा जो भरधाव आकार फ्रेंच माणसाच्या डोळ्यांत बसलेला आहे, तो त्या कापामुळे आणखी धारदार झाला. मी ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही, छायाचित्रांत पाहिली आहे, आणि पाहिल्यावर मला राग आला नाही हे मान्य करतो. इसिगोनिसला कापण्याचा अधिकार होता कारण तो अभियंता, ओरोस्कोला नाही कारण तो कलाकार, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरी गोष्ट ‘दुर्मिळ’ या शब्दाची. 1948 ते 1971 या काळात मायनर 16 लाखांच्या घरात तयार झाल्या. इंग्लंडात आजही तिचे नवे मडगार्ड, नवे रबर असे सुटे भाग बनतात आणि पैसे मोजणाऱ्याला घरपोच मिळतात. डीएसही साडेचौदा लाख झाल्या होत्या, आणि फोक्सवॅगन बीटल तर 2003 मध्ये मेक्सिकोत शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत 2 कोटी 15 लाख. जगातली शेवटची मायनर पणजीत पुरली गेली, असा जो सूर काही पत्रांत आहे, तो खरा नाही. गोव्यात ती विरळा आहे, एवढेच खरे. आणि ती विरळा का झाली, याचे उत्तर शिल्पकाराच्या पत्रा कापायच्या ग्राइंडरमध्ये सापडणार नाही.

ते उत्तर आपल्या परसात आहे. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, उरलेले महिने खारा वारा असतो, आणि मायनरला ट्रकसारखी वेगळी चौकट नसते. तिचे पत्र्याचे कवच हीच तिची हाडे. बाहेरून रंग शाबूत दिसतो, पण दारांखालचे पत्र्याचे पोकळ पट्टे आणि बसण्याच्या जागेखालचा तळ आतून सडत जातो, आणि एके दिवशी जॅक लावला की जॅक वर जातो आणि गाडी जागेवरच राहते. शिल्पकाराने मला त्याच्या फोनमधली, गाडी ताब्यात घेतली त्या दिवसाची चित्रे दाखवली. तळ नव्हताच, मागच्या स्प्रिंगा जिथे अडकवतात ती जागा हाताने सोलून निघत होती. ही गाडी पुन्हा रस्त्यावर आली असती असे सांगणाऱ्याने एक तर ती चित्रे पाहिलेली नाहीत किंवा त्याने स्वतःच्या खर्चाने कधी गाडी उभी केलेली नाही.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. ती चित्रे पाहताना मी ते घर ओळखले. सासष्टीतल्या एका जुन्या घराच्या मागे, फणसाच्या झाडाखाली, निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली ती गाडी मी बारा-तेरा वर्षांपूर्वी पाहिली होती. तेव्हा तिचा तळ बऱ्यापैकी शिल्लक होता. घरातली मुले परदेशी, वृद्ध मालकीणबाईंनी मला बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) बसवून कोकम सरबत दिले आणि एक किंमत सांगितली, जी मला जास्त वाटली. मी ‘विचार करून कळवतो’ म्हणालो. कळवले नाही. पुढे बाई गेल्या, घर विकायला निघाले, गाडी भंगारवाल्याकडे वजनावर गेली आणि तिथून शिल्पकाराने उचलली. ज्यांनी ‘खून’ हा शब्द वापरला त्यांच्यापैकी निदान दोघे तरी त्या फणसाखाली माझ्यासारखेच उभे राहून परत गेलेले आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांची नावे लिहीत नाही. ते हे पत्र वाचतीलच.

आता शिल्पकाराच्या बाजूकडे वळतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे, आणि ती गाडी उभी पुरल्याची नाही.

गाडी उभी असल्यामुळे इंजिनामागची पत्र्याची भिंत बरोबर डोळ्यांच्या उंचीवर येते. मी चश्मा काढून जवळून पाहिले. भिंतीवर गाडीचा क्रमांक लिहिलेली धातूची पट्टी अजून स्क्रूने बसवलेली आहे, पण तिच्यावर निळ्या रंगाचे इतके थर चढले आहेत की, अक्षरे बोटांना लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. तिच्याशेजारी एक आयताकृती उंचवटा होता. नखाने किंचित खरवडल्यावर (हा गुन्हा मी केला, तेथील सुरक्षारक्षकाने मला त्याबद्दल बोलूनही घेतले) खाली कागद दिसला, कागदावर पोर्तुगीज शब्द आणि हाताने लिहिलेला एक आकडा. तेल बदलल्याची नोंद असणार. तसाच एक कागद माझ्या गाडीत अजून आहे. कार्बोरेटर जागच्या जागी होता आणि त्यात रेझिन ओतून तो कायमचा घट्ट केला होता. आणि मधल्या खांबातला तो ‘कान’ अर्धा वर उठलेल्या स्थितीत चिकटवलेला होता, आतला दिवा, पिवळे कवच, सगळे शाबूत. डाव्या बाजूचा तोच सुटा भाग गेली तीन वर्षे मी शोधतो आहे. परदेशातून मागवला तेव्हा एकदा फुटका आला, दुसऱ्यांदा टपालखर्च आणि जकात मिळून वस्तूपेक्षा जास्त झाली. त्या निळ्या हातासमोर मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.

खाली जी माहितीची पाटी आहे तिच्यावर लिहिले आहे : ‘सापडलेली मोटार, चिरा, माड, रंग’. ‘सापडलेली’ हा शब्द कलेच्या परिभाषेत, कलाकाराने स्वतः न घडवलेल्या, तयार मिळालेल्या वस्तूसाठी रूढ आहे, हे शिल्पकाराने मला समजावून सांगितले आणि मला ते समजलेही. पण मोटार सापडत नाही. तिला नोंदणी असते, मालक असतो, बंदरातून सुटल्याची तारीख असते, ज्या मेस्त्रीने तिचे पिस्टन बदलले त्याचे अक्षर असते. माडाला ‘माड’ म्हणणे पुरेसे आहे. या गाडीला नुसते ‘मोटार’ म्हणणे पुरेसे नाही, कारण हे शिल्प गोव्याच्या विसरलेल्या घरांविषयी आहे असे त्याच पाटीवर पुढे म्हटले आहे. ज्या घरातून ती आली त्या गावाचे नावही न लिहिता विसरण्याविषयी शिल्प करणे हे मला चमत्कारिक वाटले, आणि तसे मी त्याच्या तोंडावर सांगितले. तो गप्प राहिला. मुलगा प्रामाणिक आहे. त्याने उद्धट उत्तर दिले असते तर हे पत्र लिहिणे मला सोपे गेले असते.

जगभर ज्यांनी हे काम नीट केले त्यांनी गाडीची ओळख पुसली नाही. टेक्सासमध्ये अमारिलो गावाबाहेर 1974 मध्ये दहा कॅडिलॅक नाकावर जमिनीत पुरल्या गेल्या. त्या 1949 ते 1963 या काळातल्या आहेत, आणि गाड्यांच्या शेपटीचे पंख वर्षागणिक कसे वाढले आणि कसे उतरले ते ओळीत दिसावे, हाच त्यातला मुद्दा आहे. वर्षे काढून टाकली तर मागे दहा पत्रे उरतील. त्यांच्यावर आज येणारा-जाणारा रंगाचे फवारे मारतो हा भाग वेगळा. वोल्फ फोस्टेल या जर्मन कलाकाराने 1970 मध्ये शिकागोत 1957 सालची कॅडिलॅक काँक्रीटमध्ये ओतून बंद केली, आणि पुढे ती जीर्ण झाल्यावर तिथल्या विद्यापीठाने तिच्यावर शास्त्रशुद्ध दुरुस्ती करवून 2016 मध्ये ती पुन्हा मांडली. आतली गाडी कोणती, कोणत्या सालची, हे आजही सांगता येते. मेक्सिकन कलाकार दामियान ओर्तेगा यांनी 2002 मध्ये बीटलचा नटबोल्टपर्यंत एकेक भाग सुटा करून तारांनी छताला टांगला; त्यात काही जाळलेले नाही, चिकटवलेले नाही. आणि खरी गाडी वापरलीच पाहिजे असेही नाही : आपल्याकडच्या सुबोध गुप्ता यांनी अॅम्बेसेडर अॅल्युमिनियममध्ये ओतली, जितिश कल्लाट यांनी रेझिनच्या हाडांतून रिक्षाचा सांगाडा उभा केला.

एका पत्रलेखकाने नरकासुराचा दाखला दिला आहे. आपण गोवेकर दिवाळीत रात्रभर जागून नरकासुराचा पुतळा उभा करतो आणि पहाटे जाळतो, तेव्हा वस्तू नष्ट होण्याचे आपल्याला एवढे वावडे कशाला, असा त्यांचा प्रश्न. दाखला आकर्षक आहे, पण लागू पडत नाही. नरकासुर जाळण्यासाठीच बांधतात, आणि त्यासाठी गवत, कागद आणि जुने कपडे वापरतात. शेजाऱ्याच्या आजोबांची शिसवी आरामखुर्ची कोणी त्यात घालत नाही. घातली तर गावात काय होईल ते लेखकाला माझ्याइतकेच ठाऊक आहे.

काही जणांनी कायद्याचा आधार शोधला आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात : पुरातन वस्तूंचा 1972 चा कायदा सर्वसाधारणपणे शंभर वर्षांवरच्या वस्तूंना संरक्षण देतो, तेव्हा तो 1950च्या दशकातल्या गाडीच्या कामाचा नाही. केंद्राने जुलै 2021 मध्ये केलेले व्हिंटेज वाहनांचे नियम 50 वर्षांवरच्या गाडीला वेगळी नोंदणी देतात, पण ती मालकाने मागावी लागते आणि गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. कवच कापलेली गाडी त्यात कधीच बसणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे गाडी नष्ट किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. म्हणजे कायदा गाडी वाचवत नाही, पण तिचा मृत्यू नोंदवायला मात्र सांगतो. या गाडीचा तो कोणी नोंदवला असेल असे मला वाटत नाही, आणि भंगारात जाणाऱ्या बहुतेक गाड्यांचे तेच होत असावे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. सांगाडा सडलेल्या गाडीचे शिल्प खुशाल करावे. पण ग्राइंडर लावण्यापूर्वी आठ दिवस गोव्यातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना निरोप द्यावा; कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर, मीटर, दिव्यांच्या काचा असे जे ज्याला हवे ते त्याने योग्य दाम देऊन उतरवून न्यावे, कलाकाराला त्या पैशांत चिरे येतील. रंग मारण्यापूर्वी क्रमांकाची पट्टी आणि असे चिकटवलेले कागद यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि पाटीवर गाडीचे नाव, साल, क्रमांक आणि गाव लिहावे. आमच्या मंडळींनीही व्हॉट्सअॅपवर शिव्या घालण्याऐवजी, कोणत्या गावात कोणाच्या परसात काय उभे आहे याची एक वही करावी. ती मी सुरू केली आहे. आजवर अकरा नोंदी झाल्या आहेत, त्यांतल्या चार ताडपत्रीखालच्या आहेत आणि पावसाळा यायचा आहे.

पणजीच्या शिल्पापुरते बोलायचे तर, पट्टीवरचा रंग थिनर लावून हलक्या हाताने काढता येतो. ते करून द्यायला मी तयार आहे, शिल्पकाराने फक्त हो म्हणावे. क्रमांक वाचता आला की पाटीसाठी पितळेची पट्टी मी माझ्या खर्चाने कोरून आणीन. फोंड्याच्या बाजारात देवळांच्या समया आणि देणगीदारांच्या नावांच्या पाट्या कोरणारा एक कारागीर आहे, त्याला विचारून ठेवले आहे. तो म्हणतो, दोन दिवसांत देतो. उठलेल्या त्या हाताबद्दल मी शिल्पकाराकडे काही मागितलेले नाही. प्रदर्शन संपल्यावर तो भाग सुटतो का, ते मात्र त्यानेच बघतो म्हणून सांगितले आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक,
फोंडा, गोवा